हाऊसिंग डिपॉझिटचा घोळ
लेक यंदा कॉलेजला चाललीये, इथेच अमेरिकेत, आणि मला आपलं वाटलं १ मेच्या आत अ‍ॅडमिशनचं डिपॉझिट भरलं की रूम पण झाली. कसलं काय! हाऊसिंगचा, म्हणजे कॉलेजच्या हॉस्टेलचा, फॉर्म वेगळा, त्याचं डिपॉझिट वेगळं, आणि जो आधी भरेल त्याला आधी रूम निवडायला मिळते, हे कळेपर्यंत पंधरा दिवस गेलेले. त्यात लॉगिन तिचं, कार्ड माझं, सही दोघांची कारण ती अजून १७ वर्षांची. बायको म्हणाली, "अहो, आधी कॅन्सल करायची शेवटची तारीख बघा," बरं झालं, कारण त्यानंतर पैसे परत नाहीत आणि करार अख्ख्या शैक्षणिक वर्षाचा. मील प्लॅन, म्हणजे कॉलेजच्या मेसचं जेवण, अजून वेगळाच. शेवटी तिघींची रूम मिळालीये, आता ट्विन एक्सएल (हॉस्टेलच्या अरुंद पण जास्त लांब पलंगाच्या मापाच्या) चादरी शोधतोय, घरातली एकही बसत नाही.