‘हेवी’च्या जोड्या: माझा अनुभव

स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी शब्दांच्या जोड्या, म्हणजे कोणत्या नामाआधी कोणतं विशेषण बसतं ते, करायला मी ‘हेवी’पासून सुरुवात केली. हा शब्द सगळ्यांना येतो, म्हणून तो कुठेही लावला जातो.

वहीत पानाच्या डोक्यावर विशेषण लिहायचं नाही, नाम लिहायचं. लिहिताना पाऊस, ट्रॅफिक, दंड हे आधीच डोक्यात असतं. अडतं ते त्याच्या आधीच्या शब्दापाशी. म्हणून ‘रेन’चं एक पान, ‘विंड’चं दुसरं. मराठीत दोन्ही जोराचेच, पण इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. ताप ‘हाय’, डोकेदुखी ‘बॅड’ किंवा ‘सिव्हिअर’.

जोडीखाली तिचं उलट लिहायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवते ती हीच ओळ. हेवी रेनचं उलट लाइट रेन, हेवी ट्रॅफिकचं लाइट ट्रॅफिक. हेवी स्लीपर म्हणजे गाढ झोपणारा, लाइट स्लीपर खुट्ट झालं की जागा होतो. पण हेवी फाइनचं उलट स्मॉल फाइन. स्ट्राँग टीचं उलट वीक टी, तर स्ट्राँग विंडचं लाइट विंड!

मग एक पूर्ण वाक्य, कारण ‘अ’ (a) या आर्टिकलची चूक तिथेच पकडली जाते. ‘देअर वॉज हेवी ट्रॅफिक ऑन वर्धा रोड’ यात ‘अ’ नाही, ट्रॅफिक मोजता येत नाही. ‘ही पेड अ हेवी फाइन’ मध्ये मात्र हवाच.

वाचायला नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राची इंग्रजी बुलेटिन घ्या. तिथे शब्द मोजून वापरतात: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे ‘हेवी’, २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. उन्हाळ्यात ‘हीट वेव्ह’ वाढली की आधी ‘सिव्हिअर’ लागतं. आपल्या मे महिन्याबद्दल लिहिताना ‘हेवी हीट’ नको, ‘इंटेन्स हीट’ लिहा.

उजळणीला विशेषणावर पट्टी ठेवायची आणि नुसतं नाम बघून जोडी म्हणायची. जिथे थबकायला होतं, त्या पानाचा कोपरा दुमडायचा. दुसऱ्या दिवशी तीच पानं आधी.