पाठमोरे आपण

औषधाच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक स्क्रीन टांगलेला असतो. बिल होईस्तोवर नजर सहज वर जाते आणि रांगेत टक्कल पडू लागलेला एक गृहस्थ दिसतो. आपण खिशात हात घालतो, तर तोही घालतो. आरशाने ही बातमी इतकी वर्षं दडवून ठेवलेली असते.

ब्रूस नाउमन या अमेरिकी कलावंताने १९७० साली याच धक्क्यासाठी एक बोळ बांधला. साहित्य ठेकेदाराकडचं वाटावं असं. बोर्डाच्या दोन भिंती, लांबी सुमारे ३२ फूट, रुंदी फक्त २० इंच. म्हणजे कोपर अंगाशी धरून चालायचं. टोकाला एकावर एक ठेवलेले दोन मॉनिटर. एकावर रिकाम्या बोळाचं आधीच करून ठेवलेलं चित्रण, दुसऱ्यावर थेट दृश्य. थेट दृश्याचा कॅमेरा आपण शिरतो त्या तोंडाशी, १० फूट उंच, वाइड अँगल लेन्सचा. सगळी खोच इथे आहे. स्वतःला नीट बघावं म्हणून पुढे सरकावं, तर कॅमेऱ्यापासून लांब जातो. पडद्यावर आपली पाठ, आणि तीही पावलागणिक लहान होत जाणारी. दुसरा मॉनिटर मात्र ठाम सांगतो, आत कुणीच नाही.

चित्रासमोर कुठे उभं राहायचं ते आपण ठरवतो; इथे २० इंच ठरवतात.

घरी करून बघता येतं. फोन कपाटावर ठेवायचा, तोंड खाली कलतं. मागचाच कॅमेरा वापरायचा. सेल्फीचा बहुधा डावं-उजवं उलटवतो. टीव्हीला वायरनेच जोडावं. वायरलेसवर चित्र मागे पडतं आणि पडद्यावरचा माणूस आपली नक्कल करणारा तिसराच कुणी वाटतो. (डॅन ग्रॅहम या दुसऱ्या अमेरिकी कलावंताने १९७४ साली हाच उशीर मुद्दाम आठ सेकंदांचा ठेवला होता, पण तो खेळ निराळा.) खोलीतला दिवा चालू असू द्यावा. अंधारात कॅमेरा टीव्हीच्या उजेडालाच प्रमाण मानतो आणि माणसाची नुसती काळी आकृती उरते. टीव्ही चौकटीत आला तर टीव्हीत टीव्ही, त्यात टीव्ही, अशी रांग लागते. मग फोन आणखी खाली कलवायचा.

टीव्हीशी पोचेपर्यंत आपण बोटभर झालेलो असतो. त्या बोटभर माणसाचा चेहरा बघावा म्हणून वळलं, तर चेहरा पडद्यावर येतो खरा, पण तेव्हा टीव्ही आपल्या पाठीमागे असतो.