वजा दहा

दहा गुण गेले. मी काही लिहिलं नाही, काही पुसलं नाही, कुणाशी हुज्जत घातली नाही. प्रोग्रॅमर एकमेकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात त्या स्टॅक ओव्हरफ्लो नावाच्या साइटवर तर कित्येक महिन्यांत लॉगिनसुद्धा केलेलं नव्हतं. आज दुपारी एका जुन्या कोडच्या निमित्ताने शिरले, तर वरच्या पट्टीत जिथे ‘10 के’ असायचं तिथे 9,994.

शोधलं. रेप्युटेशनच्या हिशेबात एकच ओळ सापडली. लाल अक्षरांत वजा दहा आणि पुढे ‘युजर वॉज रिमूव्ह्ड’. कुठला युजर, का काढला, काही नाही. मतं गुप्त असतात, त्यामुळे कळायची सोयही नाही. कधीतरी कुणाला तरी माझं एक उत्तर उपयोगी वाटलं, त्याने वरचा बाण दाबला, मला दहा मिळाले. आता ते खातंच उडालं, त्याच्यासोबत त्याचं मत गेलं आणि माझे दहाही गेले. आहेराच्या वहीतलं एक नाव खोडावं आणि त्या माणसाने दिलेला स्टीलचा डबा आपल्या फडताळातून कुणी मुकाट्याने उचलून न्यावा, तसं.

संध्याकाळपासून चिडलेली आहे. नेमकी कशावर ते सांगता येत नाहीये, म्हणून लिहायला बसले.

हे काही पैसे नाहीत. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये या आकड्याला कुणी विचारत नाही. आईला तर मी ‘तिकडे’ काय करते हे कधीच समजलं नाही. "म्हणजे फुकट शिकवतेस?" हा तिचा प्रश्न अजून उत्तराविना पडून आहे.

पण दहा हजार म्हणजे दहा हजार. तिथे सगळं गुणांवर मिळतं. 15 झाले की अपव्होट, म्हणजे तो वरचा बाण, देता येतं, 50 ला कुणाच्याही पोस्टखाली कॉमेंट, 125 ला डाउनव्होट, 2,000 ला दुसऱ्याचं लिखाण थेट सुधारता येतं, 3,000 ला प्रश्न बंद करण्यासाठी मत देता येतं. आणि 10,000 ला पुसलेलं दिसायला लागतं. इतरांना नुसतं ‘हे पान काढून टाकलं आहे’ असं दिसतं. तुम्हाला अख्खा मजकूर दिसतो.

मला त्यातलं एकच पान लागायचं. मंदारने उत्तर दिलेला तो प्रश्न, जो आधी विषयाबाहेरचा म्हणून बंद झाला आणि मग पुसला गेला. मंदारचं ते उत्तर, खालच्या कॉमेंट्स, त्यात माझी एक. दुपारी लिंक दाबून पाहिली. उघडलं नाही.

मंदारबद्दल आज नको.

आकड्याकडेच येते. खरं म्हणजे दहा हजार मी धड कमावलेलेच नव्हते. प्रश्नाला मिळणाऱ्या अपव्होटचे 2010 पासून पाच गुण मिळायचे. 2019 च्या नोव्हेंबरात त्यांनी ठरवलं की आता दहा द्यायचे. जुना सगळा हिशेब नव्याने मांडला गेला आणि बसल्या जागी वाढलेल्या त्या गुणांच्या जोरावर मी पुढे दहा हजारांच्या पार. त्या दिवसांतही मी तिकडे फिरकत नव्हते. म्हणजे आलं तेव्हा मी नव्हते आणि गेलं तेव्हाही नव्हते. मग वाईट नक्की कसलं वाटतंय?

बरेचसे गुण एकाच उत्तराचे आहेत. जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तारीख छापायची असली की वर्षासाठी चार छोटे ‘वाय’ लिहायचे असतात. लोक चार मोठे लिहितात. मोठा ‘वाय’ आठवड्यांच्या हिशेबाने चालतो, आणि नव्या वर्षाचा पहिला आठवडा डिसेंबरातच सुरू झाला असेल तर तो आठवडा अख्खाच्या अख्खा नव्या वर्षाला बहाल करतो. त्यामुळे 29 डिसेंबर 2014 छापायला सांगितलं की 29 डिसेंबर 2015 उमटतं. बाकी वर्षभर कोड निमूट चालतो, टेस्टिंगवाले खूश असतात, आणि शेवटच्या आठवड्यात बिलं एक वर्ष पुढची निघायला लागतात. मग जगभरचे प्रोग्रॅमर सुट्टीतून उठून गूगल करायचे आणि माझ्या उत्तरापाशी यायचे. नाताळ उलटला की माझ्या खात्यात हिरव्या आकड्यांची रीघ लागायची. मी तेव्हा कुठे असायचे? एका वर्षी दिवेआगरला. एका वर्षी हॉस्पिटलात, बाबांपाशी. तिथल्या बाकड्यावर बसून मी फोनवर ते हिरवे आकडे बघत होते, हे आत्ता लिहिताना आठवलं.

तिथे गैरहजेरीला दंड नाही. न येणाऱ्याचे गुण झिजत नाहीत, उलट वाढत राहतात. तिथला सगळ्यांत गाजलेला उत्तरं देणारा जॉन स्कीट 2018 च्या जानेवारीत दहा लाखांवर पोचला, आणि तेही नुसत्या मतांमधून दिवसाला 200 च्या वर गुण मिळत नाहीत हा नियम असताना. त्याने त्यानंतर एक अक्षर लिहिलं नसतं तरी आकडा चढतच राहिला असता. माझंही तेच, आपापल्या ऐपतीप्रमाणे. वर्षाला 200 गुण जमले की ‘इयरलिंग’ नावाचा बॅज मिळतो. तो मला घरबसल्या येत राहिला. फार आवडायचं मला ते. आपण तिथे नाही, पण आपल्याकडे वर्दळ आहे.

वजा दहा तेव्हाही होत असणार. खाती काय तेव्हाही उडतच होती. पण दुसऱ्या दिवशी कुणीतरी नवा माणूस येऊन दहा टाकून जायचा आणि खड्डा दिसायचाच नाही. आज दिसला, कारण तो तसाच राहिलाय. गेल्या नाताळात एकही मत नाही.

जगाने मोठा ‘वाय’ लिहायचं सोडलंय का? छे. परवा आमच्याच टीमच्या कोड रिव्ह्यूमध्ये निघाला. तो लिहिणाऱ्या पोराने चॅटजीपीटीला विचारलं. क्षणात उत्तर आलं, अगदी बरोबर, आणि वाक्यांची ठेवण अशी की मला माझीच वाटली. असेलही. चॅटजीपीटी आलं 2022 च्या नोव्हेंबरअखेर. पुढच्याच आठवड्यात स्टॅक ओव्हरफ्लोने तसली उत्तरं आणून चिकटवायला बंदी घातली. आणि 2024 च्या मे महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशीच तिथली उत्तरं वापरू देण्याचा करार केला. तेव्हा काही जणांनी रागारागाने स्वतःची उत्तरं पुसून टाकली होती, तर त्यांचीच खाती निलंबित झाली. माझा तो काढून टाकलेला युजर त्यांच्यातलाच कुणी वैतागून निघून गेलेला असेल का? असू शकेल. किंवा एकाच माणसाने चार खोटी खाती काढली असतील आणि त्यातलं हे एक पकडलं गेलं असेल. मग ते दहा माझे कधी नव्हतेच. दुसरी शक्यता जास्त पटणारी आहे आणि जास्त अपमानाची.

त्या पोराला मी काही बोलले नाही. काय बोलणार? ‘बाळा, हे मी 2012 मध्ये लिहून ठेवलंय’?

मला वाटत होतं मी एकटीच उठून आले आणि मागे सगळं जोरात चालू आहे. उठून येण्यातली ऐट तेवढ्यावरच तर असते. आज मागे बघितलं तर सगळेच उठलेत. ज्यांच्याशी मी रात्र रात्र कॉमेंटांमधून भांडले त्यांच्या प्रोफाइलवर ‘लास्ट सीन’च्या पुढे वर्षं लागली आहेत. माझ्या प्रत्येक उत्तरात अर्धविरामाची चूक काढणारा तो जर्मन गृहस्थसुद्धा गायब. त्याची आठवण यावी म्हणजे अतीच झालं.

बरं, जेवणानंतर हिशेब मांडला. सहा गुण हवेत. आपल्या प्रश्नावरचं एखादं उत्तर आपण हिरवी खूण करून स्वीकारलं की आपल्यालाही 2 मिळतात. माझे तीन प्रश्न हिरव्या खुणेविना राहिलेले. तीन दुणे सहा. दहा हजार पूर्ण! भांडी तशीच ठेवून लॅपटॉप उघडला.

पहिल्या प्रश्नावरचं एकमेव उत्तर: ‘मलाही हाच प्रॉब्लेम येतोय, तुम्हाला काही कळलं का?’ दुसऱ्यावरचं साफ चूक, आणि खाली कुणीतरी तसं बजावूनही ठेवलंय. तिसरा प्रश्न डेटाबेसच्या कनेक्शनांबद्दलचा. तो प्रोजेक्टच गुंडाळला गेला, त्यामुळे उत्तर तपासायचं कारणच उरलं नव्हतं. आज नीट वाचलं. नुसतं बरोबर नाही, सुरेख आहे. मी विचारलं नव्हतं पण विचारायला हवं होतं, तेही त्याने सांगितलंय. लिहिणारा 2016 पासून फिरकलेला नाही. खूण केली. मला दोन, त्याला पंधरा. बघेल तेव्हा बघेल.

9,996.

उरलेल्या दोन उत्तरांवरही खूण करून टाकावी असं पाचेक मिनिटं वाटलं. नाही केली. चुकीच्या उत्तराला हिरवी खूण दिसली की उद्या कुणीतरी ते थेट प्रॉडक्शनवर, म्हणजे चालू सिस्टिमवर, चढवणार. आणि आता तर ते वाचून शहाणं होणारं यंत्रही बसलंय.

अवीला सांगितलं. "चारच कमी आहेत ना? मी देतो मत," म्हणाला आणि खरंच खातं उघडलं. नव्या खात्यावर 1 गुण असतो, मत द्यायला 15 लागतात. "म्हणजे बायकोला मत द्यायचं तर आधी मी परीक्षा द्यायची?" त्याला म्हटलं, नवऱ्याने बायकोला म्हणून मत देणं तिथे मुळात बसतच नाही. पण तोवर त्याला चेव आला होता. कोडमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, म्हणून तो त्याच मंडळींच्या घरदुरुस्तीच्या साइटवर शिरला. तिथले गुण इथे चालत नाहीत हेही सांगितलं. ऐकतोय कोण.

साडेबारा वाजून गेलेत. साहेब कुठल्याशा अमेरिकन माणसाच्या बाथरूममधल्या गळतीवर उत्तर लिहीत बसलेत. तीन परिच्छेद झाले.

"यांच्या भिंती लाकडाच्या असतात गं," मघाशी म्हणाला. "वॉटरप्रूफिंग करतात तरी कशावर हे लोक?"

"मला काय विचारतोस? तिथे विचार."