तरंगण्याची किंमत

गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. विजेवर उडणारी टॅक्सी बनवू पाहणाऱ्या एका नव्या कंपनीने त्याला नोकरी देऊ केली होती आणि "सर, जाऊ का?" एवढेच त्याला विचारायचे होते. पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना वर्षानुवर्षे द्रवगतिकी, म्हणजे हवा-पाण्याच्या प्रवाहाचे शास्त्र, शिकवल्यामुळे एका शब्दात उत्तर देण्याची सवय मला राहिलेली नाही. त्याला फोनवर जे तुकड्यातुकड्यांनी सांगितले, ते इथे जरा नीट मांडतो.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. बातम्यांमध्ये 'उडती मोटार' आणि 'हवाई टॅक्सी' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, पण ही दोन वेगळी यंत्रे आहेत. उडती मोटार म्हणजे रस्त्यावरही चालू शकणारे विमान. मोल्ट टेलर या अमेरिकन अभियंत्याची 'एरोकार' १९४९ मध्येच उडाली होती, आणि स्लोव्हाकियाच्या श्टेफान क्लाइन यांची मोटार २८ जून २०२१ रोजी नित्रा ते ब्रातिस्लाव्हा हे अंतर ३५ मिनिटांत उडून, पंख मिटून, शहरातल्या रस्त्यावरून चालत गेली. पाहायला मोठी गंमत वाटते, पण दोन्हींना धावपट्टी लागते, त्यामुळे सिग्नलला अडकलेल्या माणसाच्या ती काही कामाची नाही. हवाई टॅक्सी मात्र जागच्या जागी वर उठते आणि तशीच खाली उतरते. तिचे सगळे आकर्षण या उभ्या उड्डाणात आहे आणि तिच्या सगळ्या अडचणीही तिथेच आहेत.

हवेत एका जागी तरंगायचे म्हणजे सतत हवा खाली ढकलत राहायचे. पुष्कळ हवा सावकाश ढकला किंवा थोडी हवा जोरात ढकला, उचल सारखीच मिळते, पण दुसऱ्या मार्गाला शक्ती फार लागते. पंख्यांच्या फिरण्याने व्यापलेले एकूण क्षेत्रफळ चौपटीने कमी केले, तर तेवढेच वजन तोलायला दुप्पट शक्ती लागते. फळ्यावर मी दोन टनांच्या यंत्राचा हिशेब घालत असे. पंख्यांचे क्षेत्रफळ ४० चौरस मीटर असेल, तर आदर्श स्थितीत सुमारे २८० किलोवॅट पुरतात, आणि १० चौरस मीटर असेल, तर सुमारे ५५५. त्यावर प्रत्यक्षातले तोटे वेगळे. हेलिकॉप्टरचे पाते एवढे लांबलचक का असते, या प्रश्नाचे उत्तर या हिशेबातच आहे.

आता जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडे पाहू. कार्ल्सरुए परिसरातल्या ज्या मंडळींची पुढे व्होलोकॉप्टर कंपनी झाली, त्यांनी २०११ मध्ये सोळा छोट्या पंख्यांचा सांगाडा एका माणसासह उडवला होता. उतरताना धक्का बसू नये म्हणून त्याखाली व्यायामाचा रबरी चेंडू बांधला होता, आणि खरे सांगायचे तर या सगळ्या क्षेत्रातले माझे सर्वांत आवडते यंत्र तेच आहे. पुढच्या 'व्होलोसिटी'ला अठरा पंखे आणि दोन आसने होती, पण पंख नव्हते. म्हणजे संपूर्ण प्रवास तरंगण्याच्याच खर्चात, आणि म्हणून पल्ला जेमतेम ३५ किलोमीटर. म्युनिकजवळच्या लिलियम कंपनीने याच्या अगदी उलट वाट धरली. विमानासारखे पंख आणि त्यांत बसवलेले छोटे, नळकांड्यातले ३६ पंखे. आडव्या उड्डाणात ही रचना काटकसरीची ठरते. उठता-उतरताना मात्र ती विजेचा अक्षरशः उपसा करते, कारण नळकांड्यामुळे थोडी बचत झाली तरी क्षेत्रफळाची उणीव त्याने भरून निघत नाही.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये व्होलोकॉप्टरमधून प्रवासी उडतील असे सांगितले गेले होते. यंत्र प्रवासी नेण्यास सुरक्षित असल्याचे सरकारी प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही आणि व्हर्सायमध्ये प्रवाशांविना एक प्रात्यक्षिक तेवढे झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लिलियमने आणि डिसेंबरमध्ये व्होलोकॉप्टरने दिवाळखोरीचा अर्ज केला. पैसा संपला हे उघड कारण झाले. पण प्रमाणपत्रापर्यंतची वाट इतकी लांबते का, याचे निदान तरी अंशतः बॅटरीत आहे.

बॅटरीबद्दल लोकांना एक गोष्ट माहीत असते, की ती जड आहे. विमानाच्या इंधनात किलोमागे सुमारे १२ हजार वॅट-तास ऊर्जा असते, तर लिथियमच्या चांगल्या घटात (सेलमध्ये) अडीचशे-तीनशे. शिवाय इंधन जळत जाते तसे विमान हलके होते, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. पण माझ्या मते याहून अवघड बाब वेगळीच आहे. उतरताना यंत्राला पुन्हा तरंगावे लागते, म्हणजे सर्वांत मोठी शक्ती प्रवासाच्या अगदी शेवटी मागितली जाते, आणि बॅटरी सर्वांत अशक्त असते तीही तेव्हाच. घट उतरत आला की मोठा प्रवाह खेचताच त्याचा विद्युतदाब (व्होल्टेज) घसरतो. जुना मोबाइल वीस टक्के दाखवत असताना अचानक बंद पडतो, तसाच हा प्रकार. त्यात उतरण्याची जागा अडलेली असेल तर दुसरीकडे जाण्याची तरतूद हवी. अमेरिकेत दिवसाउजेडी, नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरलाही वीस मिनिटांचे इंधन राखून ठेवावे लागते. छोट्या फेरीच्या टॅक्सीसाठी ही वीस मिनिटे म्हणजे प्रवासाहून राखीव साठा मोठा!

याचा अर्थ हे सगळे थोतांड आहे असा मुळीच नाही. कॅलिफोर्नियाच्या जोबी कंपनीच्या यंत्राला पंख आहेत आणि कलणारे सहा मोठे, संथ फिरणारे पंखे आहेत. मोठ्या पंख्यांमुळे शक्तीही कमी लागते आणि आवाजही कमी होतो. याच कंपनीने २०२४ मध्ये बॅटरीला हायड्रोजनची जोड देऊन ८४० किलोमीटरचे उड्डाण केले, आणि बॅटरीची मर्यादा याहून स्पष्टपणे कोणी कबूल करणार नाही. चीनच्या ईहँग कंपनीच्या दोन आसनी, वैमानिकरहित यंत्राला ऑक्टोबर २०२३ मध्येच तिथल्या सरकारचे प्रमाणपत्र मिळाले. पल्ला छोटा, काम बहुतांशी पर्यटकांना फिरवून आणण्याचे; पण जेवढे जमते तेवढेच करायचे, हा शहाणपणा मला पटतो.

आपल्याकडे दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला सात मिनिटांत नेण्याची घोषणा इंडिगोच्या मूळ कंपनीने हवाई टॅक्सी बनवणाऱ्या अमेरिकेच्या आर्चर कंपनीबरोबर २०२३ मध्ये केली. मुंबई-पुण्याचा विषय निघाला की मला आधी हवा आठवते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, आणि मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला की इथली हवा इतकी विरळ होते की तरंगायला प्रमाण स्थितीपेक्षा (समुद्रसपाटी, १५ अंश सेल्सिअस) सुमारे आठ टक्के जास्त शक्ती लागते. घाटातला पाऊस आणि ढग यांचा हिशेब त्यानंतर.

विद्यार्थ्याला मी नोकरी घे किंवा घेऊ नकोस, यांपैकी काहीच सांगितले नाही. मुलाखतीत पगाराची बोलणी होण्याआधी दोन आकडे विचार, एवढे सांगितले: पंख्यांच्या दर चौरस मीटरवर किती किलो वजन येते, आणि बॅटरी वीस टक्क्यांवर असताना यंत्र किती सेकंद तरंगू शकते. पहिला आकडा त्यांनी लगेच दिला, असे त्याने परवा कळवले. दुसऱ्यासाठी त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले आहे.