आमची वाटचाल : जे तपासतो ते विकत घेत नाही

आमच्या नाणी तपासणीच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एक राणीछाप रुपया ठेवला आहे. रोज कोणीतरी विचारतंच, ‘कितीला देणार?’ तो विकायचा नाही. तो बाबांचा तोळा आहे.

बाबांनी १९७४ साली ठाण्यात जांभळी नाक्याजवळच्या एका बोळात तराजू दुरुस्तीचं दुकान टाकलं. सराफांचे काटे, वाण्यांच्या तागड्या, भाजीवाल्यांची वजनं, सगळं यायचं. ब्रिटिश अमलातल्या चांदीच्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुन्या लोकांच्या तोंडी ‘रुपयाभार’ हा शब्द येतो तो यामुळेच. मेट्रिक वजनं येऊन वर्षं लोटली होती, तरी सराफाकडचा जुना काटा दुरुस्त झाला की बाबा एका पारड्यात हा रुपया टाकायचे आणि दुसऱ्यात ग्रॅमची वजनं मांडून बघायचे. वापरून झिजल्यामुळे तो ११.५८ ग्रॅम भरतो, हे त्यांना पाठ होतं. ‘खरं नाणं झिजतं, वाढत नाही’ हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की आज तेच आमच्या कामाचा पहिला नियम झालंय. जुन्या नाण्याचं वजन थोडं कमी भरलं तर मी घाबरत नाही. जास्त भरलं तर मात्र लगेच भिंग घेते.

इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि दुरुस्तीचं काम आटत गेलं. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. करून १९९८ मध्ये दुकानात बसायला लागले. वजनमाप खात्याच्या शिक्क्यासाठी काटे नेणं-आणणं, सेल बदलणं, लोडसेल बदलणं यावर आम्ही जेमतेम तग धरून होतो. २००७ मध्ये बाबा गेले.

नाणी आमच्याकडे सराफांमुळे आली. घरातल्या वाटणीत निघालेलं एखादं नाणं घेऊन माणूस पेढीवर जायचा. सराफ सांगणार चांदीचा भाव, आणि तोही वितळवायच्या हिशेबानं. त्या माणसाला हवं असायचं दुसरंच उत्तर: आजोबांनी जपलेलं हे नाणं खरं आहे का? मग सराफ म्हणायचे, ‘पलीकडे काटेवाल्या ताई आहेत, त्यांच्याकडून नीट वजन करून आणा.’ एका वजनाचे मी पाच रुपये घ्यायचे. वजन केलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग ताई, खरं की खोटं?’ २००९ मध्ये मी ‘जुनी व स्मारक नाणी तपासून मिळतील’ अशी पाटी लावली. तेव्हा मला जितकं येतं असं वाटत होतं, त्याच्या निम्मंही येत नव्हतं.

पहिल्याच वर्षी चूक झाली. ती इथे लिहायलाच हवी. कळव्याहून एक आजोबा १९६४ चा नेहरूंचा रुपया घेऊन आले. स्वतंत्र भारतातलं ते पहिलं स्मारक नाणं. नेहरूंच्या निधनानंतर एक रुपया आणि पन्नास पैसे अशा दोन किमतींत निघालं होतं. त्यांच्या वडिलांनी पगारातला तो रुपया बाजूला काढून देवघरात ठेवला होता. मी चुंबक लावला. नाणं टचकन चिकटलं. ‘लोखंड आहे, खोटं आहे,’ मी सांगून मोकळी झाले. आजोबा काही बोलले नाहीत. नाणं रुमालात बांधलं आणि गेले.

पंधरा दिवसांनी टाकसाळीच्या नाण्यांचे तपशील वाचताना लक्षात आलं की तो रुपया निकेलचा असतो. १० ग्रॅम, २८ मिलिमीटर. निकेल चुंबकाला चिकटतंच. म्हणजे चिकटला म्हणून तो खोटा ठरत नव्हता, उलट चिकटला नसता तर शंका घ्यायला हवी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. वहीत पत्ता नव्हता, फक्त ‘कळवा’ एवढंच. काटा दुरुस्तीला देणाऱ्या तिथल्या तीन वाण्यांना विचारत विचारत दोन रविवारांत घर सापडलं. आजोबांसमोर नाणं पुन्हा वजन केलं, ९.९ ग्रॅम भरलं. मी हात जोडून माफी मागितली. ते म्हणाले, ‘मी देवघरातून काढलं नव्हतंच.’ त्यांच्या सुनेनं चहा केला. पण मधल्या दिवसांत त्या घरात वडिलांबद्दल काय बोललं गेलं असेल, हा विचार मला आजही छळतो.

त्यानंतर आम्ही ‘वजनवही’ सुरू केली. प्रत्येक नाण्याचा धातू, वजन, व्यास, कडेची घडण आणि कुठल्या टाकसाळीत कोणती खूण हे आधी वहीत बघायचं, मग नाण्याकडे बघायचं. मुंबई टाकसाळीची खूण सालाखालचा छोटा चौकट-हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका. कोलकात्याला खूणच नाही. ‘खूण नाही म्हणजे बनावट’ असं समजून कोलकात्याची चांगली नाणी कवडीमोलानं देऊन टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. नाण्यावरच्या सालाबद्दलही असाच घोळ होतो. गांधी जन्मशताब्दीचं चांदीचं दहा रुपयांचं नाणं निघालं १९६९ मध्ये, पण त्यावर १९६९ कुठेच नाही. आहे ते १८६९-१९४८. त्यामुळे लोक ते ‘अठ्ठेचाळीस सालचं’ म्हणून घेऊन येतात.

याच नाण्यामुळे आमची कामाची पद्धत बदलली. ऐरोलीहून तीन भावंडं आली, दोन भाऊ आणि धाकटी बहीण. वडिलांच्या कपाटात अशी तीन नाणी निघाली होती आणि तीन पाकिटांवर तिघांची नावं आधीच घातलेली होती. फक्त ‘शिक्कामोर्तब’ हवं होतं. खरं नाणं १५ ग्रॅमचं, ३४ मिलिमीटरचं, ८० टक्के चांदीचं. भावांची नाणी १४.९६ आणि १४.९८ ग्रॅम भरली. बहिणीचं १३.१. व्यास तिघांचा सारखाच.

मग पाण्याची चाचणी केली. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि नाणं दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवतो, तेवढं पाणी नाण्यानं सारलेलं असतं. नाण्याच्या वजनाला त्या आकड्यानं भागलं की धातूची घनता कळते. भावांच्या नाण्यांना काट्यानं १.४८ दाखवलं, म्हणजे घनता साधारण १०.१, ८० टक्के चांदीला तेवढीच यायला हवी. बहिणीच्या नाण्याला १.४९ आलं. आकारमान तेच, वजन मात्र कमी. घनता ८.८. चांदी नव्हेच, तांबं-निकेलच्या जातीचा पांढरा धातू. भिंगाखाली अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसत होत्या, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे होते आणि कडेच्या दात्यांमधून साच्याची बारीक रेघ गेली होती. खरं नाणं ठशाखाली दाबून पाडलेलं असतं; त्याची अक्षरं तासल्यासारखी ठसठशीत असतात. ओतलेल्या नाण्याला ती धार येत नाही.

शेवटच्या दोन वर्षांत वडिलांचं सगळं तिनंच केलं होतं, हे बोलण्यातून कळलं होतं. मी तिघांसमोर आकडे वाचून दाखवले. तिघं बाहेर जिन्यात जाऊन बराच वेळ बोलले. परत आले ते एकाच मजकुराच्या तीन प्रती मागायला, तिन्ही नाण्यांचा निकाल एकाच कागदावर. पुढे त्यांनी काय वाटणी केली, मी विचारलं नाही. तेव्हापासून आम्ही नाणं हातात घेण्याआधी विचारतो, ‘वाटणी झाली आहे का?’ झाली असेल तर सगळे वाटेकरी एकत्र आल्याशिवाय निकाल सांगत नाही.

२०१६ मध्ये कर्ज काढून एक्स-रे तत्त्वावर चालणारं, सराफ ज्याला कॅरेट मशीन म्हणतात ते यंत्र घेतलं. बँकेतल्या साहेबांना समजावताना माझी दमछाक झाली. नाण्याला ओरखडाही न पाडता धातूचं प्रमाण सांगतं, म्हणून ते मला हवंच होतं. कसोटीवर घासणं आणि तेजाब लावणं आम्ही पहिल्यापासून केलं नाही. दागिन्याला ते चालतं, नाणं त्यानं कायमचं बिघडतं. पण यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. चांदीचा जाड मुलामा दिलेलं पितळ त्याला चांदीच वाटू शकतं. म्हणून पाण्याचा पेला अजून काउंटरवरच आहे. याउलट शंभर रुपयांच्या बहुतेक जुन्या स्मारक नाण्यांत, म्हणजे ३५ ग्रॅमच्या, ४४ मिलिमीटरच्या, निम्म्या चांदीच्या नाण्यांत, पेला तितकासा कामाचा नाही. निम्मी चांदी आणि तांबं-निकेल यांच्या घनतेत फरकच थोडा. तिथं यंत्र बोलतं. १९४० पासूनच्या चांदीच्या राजाछाप रुपयाचं वजन आधीच्याइतकंच आहे, पण चांदी निम्मी. तिथं कड बघायची: दात्यांच्या मधोमध खोलगट नक्षी हवी. बनावट रुपयांना आळा घालण्यासाठीच ती आणली होती.

सगळ्यात जड जातं ते रामदरबाराचं नाणं. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-मारुती, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’. महिन्यातून एकदा तरी कोणी काकू ते मखमली डबीत घालून आणतात. कंपनीनं असं नाणं कधीच पाडलं नाही. ‘तांदूळ स्वतःकडे ओढणारं चमत्कारी’, ‘कोट्यवधींचं’ अशी आशा दाखवून अशा तुकड्यांवर माणसं लुबाडली जातात. मी स्पष्ट सांगते की हे नाणं नाही, पूजेचा टाक समजा, देवघरात खुशाल ठेवा, पण यासाठी कोणाला एक पैसाही देऊ नका. फोनवरून ‘तुमचं नाणं लाखाला घेतो, आधी नोंदणी फी भरा’ असं सांगणाऱ्यांबद्दलही आम्ही बजावतो. जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कसलीही फी किंवा कमिशन मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीरच केलं आहे.

आता मथळ्याबद्दल. सुरुवातीची काही वर्षं मी तपासलेली नाणी विकतही घेत होते. एका दिवाळीच्या आधी एका गृहस्थांचा १९३९ चा रुपया आला. त्या सालचा रुपया दुर्मिळ, म्हणूनच १९३८ मधल्या आठाचा नऊ करून फसवणूक होते. भिंगाखाली नऊ मूळचाच दिसत होता, वजन-घनता बरोबर होती. आणि माझ्या मनात आलं, ‘शंका आहे’ एवढंच म्हटलं तर हा मला स्वस्तात मिळेल. मी तसं म्हटलं नाही, खरं तेच सांगितलं. पण तो विचार आला, हेच मला पुरे झालं. त्या पाडव्यापासून खरेदी बंद केली. उत्पन्न एकदम घटलं, भाऊ दोन महिने माझ्याशी नीट बोलत नव्हता. काही व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक पाठवण्याबद्दल कमिशन देऊ केलं, तेही नाकारलं. आता तपासणीची ठरलेली फी, नाणं खरं निघो वा खोटं. कागदावर वजन, व्यास, घनता, धातू, खूण आणि आमचं मत लिहितो. किंमत लिहीत नाही.

मुंबई-ठाणे रेल्वेला दीडशे वर्षं झाली तेव्हाचं, २००३ चं, रेल्वेचं बोधचिन्ह असलेल्या भोलू हत्तीचं दोन रुपयांचं नाणं ठाणेकर फार प्रेमानं दाखवायला आणतात. त्याची फी आम्ही घेत नाही.

आज दुकानात मी, भाऊ आणि दोन मुली आहोत. त्यातली एक बाबांचा जुना काटा चालवायला शिकली आहे. दुकान सकाळी अकरा ते सात, मंगळवारी बंद. येताना नाणं चिंचेनं, रांगोळीनं किंवा टूथपेस्टनं घासू नका. चांदीवरचा काळा थर तसाच राहू द्या, आम्हाला त्यातूनही वाचता येतं. नाणं कडेला धरा, सुती रुमालात आणा, आणि घरात त्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते आठवून या.