शॉर्टब्रेड नोंदवही: प्रमाण पक्कं, आता सगळी झटापट बटरशी

शॉर्टब्रेड म्हणजे बटरचं खुसखुशीत स्कॉटिश बिस्किट. त्यातलं पक्कं झालेलं आधी लिहून टाकतो. साखर १०० ग्रॅम, बटर २००, मैदा २५०, तांदळाची पिठी ५०. म्हणजे स्कॉटलंडमधलं जुनं एक-दोन-तीनच (एक भाग साखर, दोन बटर, तीन पीठ), फक्त पिठाच्या वाट्यात थोडी पिठी. हे प्रमाण हलवण्यात आता मजा नाही. साखर वाढवली की वडी कडेने पसरते आणि आत शिजायच्या आधी वरून लाल होते. बटर वाढवलं की तळ तेलकट. अंडं नाही, दूध नाही, बेकिंग पावडर नाही. व्हॅनिलाही नको. बटर बेताचं असेल तर ते झाकायला या पाककृतीत काहीच नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी. २०० ग्रॅममध्ये म्हणजे जवळपास ३२ ग्रॅम पाणी. हे पाणी मैद्याला मिळालं आणि वर पीठ मळलं, तर ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांचं चिवट जाळं, तयार होतं आणि वडी खुसखुशीत न होता कडक होते. म्हणून क्रम असा: आधी मैदा, पिठी आणि साखर एकत्र करायची, मग थंड बटरचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळायचे. करंजीच्या पारीला मोहन चोळतो तसंच, फक्त मोहन भरमसाट. मूठ वळली की थांबायचं. गोळा गुळगुळीत होईपर्यंत मळायचा मोह आवरा. कडेला भेगा दिसल्या तरी चालतात, साच्यात दाबल्यावर त्या मिटतात.

साखर आणि बटर फेटून करायची रीतही आहे, पण फेटताना हवा शिरते आणि वडी हलकी, थोडी केकच्या वळणावर जाते. खोल नक्षीचा लाकडी साचा वापरणार असाल तर फेटणं टाळाच, नक्षी भट्टीत बुजते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ३३-३४ अंश असतात आणि बटर त्याच सुमारास वितळायला लागतं. मैदा आणि परात तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, पंख्याखाली काम करा, साच्यात दाबल्यावर अर्धा तास फ्रीजमध्ये. भट्टीत जाण्याआधीच बटर सुटलं, तर तळाला तेलाचा डाग आणि पोत दाट, जड. नंतर थंड करून हे सुधारत नाही.

मीठ: पिवळं खारं बटर पूर्ण वापरलं तर जरा जास्तच होतं. पाकिटावरचं सोडियम बघा आणि २.५ने गुणा, की मीठ मिळतं. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. अर्धं खारं, अर्धं बिनमिठाचं घेतलं की एकूण २ ग्रॅम येतं, आणि तेवढंच पुरे. घरचं लोणी वापरायचं तर गार पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढा. विरजणाचा आंबटपणा मात्र चवीत उतरतोच. तुपाने केलं की नानकटाईच्या जवळचं काहीतरी होतं. वाईट नाही, पण तो वेगळा पदार्थ.

साखर आपली दाण्याने मोठी. मिक्सरला दोन-तीन झटके द्या, पिठी करू नका. पिठीसाखरेने वडी जिभेवर विरघळते, पण तो रवाळ दाणा हरवतो. तांदळाच्या पिठीऐवजी बारीक रवा चालतो, चावताना थोडा जास्त जाणवतो.

भाजणं. १८ सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात हे पीठ सुमारे दीड सेंटिमीटर जाड बसतं. काट्याने तळापर्यंत टोचे मारा. वरवर टोचलं तर वाफ अडकते आणि पापुद्रा फुगतो. १५० अंश, मधला कप्पा, भट्टीचा पंखा बंद, ४५ ते ५५ मिनिटं. १८० अंशावर कडा तपकिरी होतात आणि मध्ये करड्या, ओलसर पिठाची रेघ राहते. रंग फिकट सोनेरीच हवा. बाहेर काढल्याबरोबर, वडी मऊ असतानाच, भांड्यातच कापा आणि वरून साखर भुरभुरा. गार झाल्यावर सुरी लावली की तुकडे नाहीत, चुरा. काप सुटे करून बाहेर काढणं मात्र पूर्ण गार झाल्यावर.

‘पेटिकोट टेल्स’, म्हणजे गोल शॉर्टब्रेडचे पाकळ्यांसारखे त्रिकोणी काप, करणाऱ्यांसाठी एकच सूचना: मध्यभागी छोटं गोल कापून वेगळं करा. त्रिकोणांची टोकं एकत्र आली की तीच आधी मोडतात.

परदेशांत राहणाऱ्या ब्रिटिश मंडळींची तक्रार असते की आजीच्या प्रमाणानेच केलं, तरी घरच्यासारखं होत नाही. प्रमाण बरोबरच असतं, जिन्नस बदललेले असतात. अमेरिकेतला ऑल-पर्पज मैदा बऱ्याचदा ब्रिटनच्या साध्या मैद्यापेक्षा जास्त प्रथिनांचा, त्यामुळे वडी चिवट. तिथे पिठाचा चौथा हिस्सा तांदळाची पिठी किंवा कॉर्नफ्लोअर घ्यावं. शिवाय तिथे कप आणि स्टिकची मापं. बटरची एक स्टिक ११३ ग्रॅमची, दोन घेतल्या की २०० चे २२६ होतात आणि दोष भट्टीला जातो. साध्या मैद्याच्या जागी जर्मनीत ४०५ नंबरचं पीठ घ्यावं, फ्रान्समध्ये टी४५, स्पेनमध्ये ‘रेपोस्तेरिया’ लिहिलेलं. फ्रान्सच्या बटरमध्ये स्निग्धांश ८२ टक्के, त्यामुळे पीठ किंचित कोरडं वाटतं. पाणी घालू नका, थोडं जास्त दाबा. चिकट तांदळाची पिठी आशियाई दुकानांत शेजारीच ठेवलेली असते, ती नको.

तयार शॉर्टब्रेडचा डबा मात्र सगळीकडे पोचतो, आणि त्याला कारण आहे. ओलावा नगण्य, अंडं नाही, कुठलं सारण नाही. हवाबंद असेल तर आठवडे टिकतो. २०२१ पासून ब्रिटनहून युरोपीय संघात जाताना सामानात बटर किंवा चीज नेता येत नाही, बिस्किटं मात्र चालतात. स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या माणसाला घरचं बटर मिळण्याचा राजमार्ग म्हणजे शॉर्टब्रेड! वॉकर्स कंपनीचा टार्टन, म्हणजे स्कॉटिश चौकटींच्या नक्षीचा, डबा त्यात पुढे. जोसेफ वॉकर यांनी १८९८ मध्ये बेकरी सुरू केली, आणि कंपनीचं ठाणं आजही स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या अ‍ॅबरलॉर गावी आहे. जिन्नस तेच: मैदा, बटर, साखर, मीठ. मागणी डिसेंबरात वाढते, कारण हॉगमनेला, म्हणजे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, उंबरा ओलांडणाऱ्या पहिल्या पाहुण्याने कोळसा, व्हिस्की आणि शॉर्टब्रेड आणायची रीत आहे. परदेशी राहणारी स्कॉटिश मंडळीही ही रीत पाळताना दिसतात.

दमट हवेत डबा उघडला की वड्या दोन दिवसांत मऊ पडतात. १५० अंशावर ६-८ मिनिटं तापवून, पूर्ण गार करून पुन्हा बंद करा. कुरकुरीतपणा परत येतो. कोमट असताना बंद केल्या तर उलटंच होतं.

पुढची चाचणी ओटच्या पिठाची. मैद्यातले ५० ग्रॅम काढून तेवढंच बारीक दळलेलं ओट घालायचं, बाकी काही बदलायचं नाही. ओटमध्ये ग्लुटेन नसल्यामुळे वडी जास्त ठिसूळ होणार, तेव्हा कापताना जाड काप धरा. ज्यांनी हे आधी केलंय त्यांनी पिठाचा दाणा किती बारीक होता आणि भट्टीला पंखा होता की नाही, एवढं जरूर कळवावं.