लिहा, साठ लिटर

ध्वनिमुद्रण एक तास बारा मिनिटांचं आहे. एकेचाळिसाव्या मिनिटाला वस्ताद म्हणतात, ‘बरं, लिहा मग. साठ लिटर.’ गेले चार दिवस संपादनाला बसलो की मी या वाक्यापाशी येऊन अडतोय.

विषय होता कुस्तीची तांबडी माती. अर्ध्या तासाचा रेडिओ कार्यक्रम, कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतली एक तालीम आणि सत्तरी ओलांडलेले वस्ताद. त्याच आठवड्यात हौद्यात, म्हणजे कुस्ती खेळतात त्या मातीच्या खड्ड्यात, नवी माती पडली होती, म्हणून तोच दिवस धरला.

तालमीत मुद्रण करणं अवघड असतं. भिंती दगडी, वर पत्रा, त्यामुळे आवाज घुमतो. पंखा बंद करायचा, सगळ्यांचे मोबाइल बाहेरच्या कट्ट्यावर ठेवायचे. कॉलरचा माईक कडक इस्त्रीच्या शर्टावर खरखरतो, म्हणून हातातला वापरायचा: तोंडापासून एक वीत, जरा कडेला. थेट समोर धरला तर प, फ, भ ही अक्षरं धाडकन आदळतात. बोलणं मीटरवर उणे बारा डेसिबलच्या आसपास, म्हणजे आवाज फाटतो त्या पातळीच्या बरंच खाली ठेवलं तरी कुणी पोरगा शड्डू ठोकतो आणि आवाज फाटतो. त्यासाठी दुसरा रेकॉर्डर आवाजाची पातळी बरीच खाली लावून कोपऱ्यात ठेवतो. शेवटी रिकाम्या हौद्याचा एक मिनिट आवाज घ्यायचा. तो घेतला नाही तर संपादनात प्रत्येक जोड उघडा पडतो.

पहिली तीस मिनिटं मला पाठ होती, कारण वस्तादांनाही ती पाठ होती. राजर्षी शाहू महाराज, त्यांनी बांधलेलं आणि 1912 साली खुलं झालेलं खासबाग मैदान. मग खाशाबा जाधव: गोळेश्वरचा मल्ल, 1948 साली लंडनला गादीवर (मॅटवर) उतरला, सहावा आला, 1952 साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आला. सगळं खरं, आणि सांगताना वस्तादांचा ऊर भरून येत होता. पण हे बोलणं मुलाखतीला येणाऱ्या माणसांसाठी बांधून ठेवलेलं होतं. त्यात दोष वस्तादांचा नाही. आम्हीच वर्षानुवर्षं माईक पुढे करून ‘परंपरेबद्दल काय सांगाल?’ असं विचारत आलो. परंपरेबद्दल विचारलं की माणूस भाषण करतो. सकाळी उठून काय केलंत असं विचारलं की काम सांगतो.

एकतिसाव्या मिनिटाला मी विचारलं, ‘ही माती कालपासून कशी केलीत?’ वस्ताद उठले आणि धोतर खोचून हौद्यात उतरले. मी मागोमाग.

हौदा साधारण वीस फूट लांब-रुंद, माती दीड हात खोल. म्हणजे सगळी मिळून नऊएक ब्रास, शंभर घनफुटांचा एक ब्रास. ती दरवेळी पुरती बदलत नाहीत. घामानं आणि पायांनी मरगळलेली वरची थर काढतात आणि एखादा ब्रास नवी भरतात. नवी माती आधी दोनदा चाळायची. पहिल्या चाळणीत खडे आणि मुळं निघतात, दुसरीत काच आणि खिळे. एक खडा राहिला तर पोराची पाठ सोलून निघते आणि ती जखम मातीतच चिघळते. मग काव, हळद, कापूर, लिंबाचा रस, गोडं तेल आणि ताक. काव रंगासाठी. हळद खरचटलेल्या कातडीसाठी. कापरानं किडा येत नाही आणि कोंदट वास मरतो. तेलामुळे माती कातडीला चरचरत नाही. ताक धूळ बसवतं आणि गारवा धरतं. ते ताजं आणि बिनमिठाचं हवं. लोणी नीट काढलेलं नसेल तर चार दिवसांत वास सुटतो आणि पोरं जोर करायला कुरकुरतात. सगळं घातल्यावर खोऱ्यानं उकरून खालचं वर, वरचं खाली. हे उकरणं पहाटे पोरांकडूनच करून घेतात. खांदे आणि कंबर त्यातच तयार होतात.

माती कोरडी राहिली तर पहिल्याच पटात धूळ उडून डोळ्यांत आणि छातीत जाते. ओली झाली तर अंगाला चिकटून जड होते, पाय फसतो आणि गुडघा जागीच पिरगळतो. गादीवर हा प्रश्नच नाही, ती रोज सारखीच असते. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांवर चालणारी. मातीत मात्र घाम आला की मूठभर कोरडी माती जोडीदाराच्या मानेवर आणि दंडावर चोळतात, तेव्हा पकड बसते. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग करून शेवटी दोघांचे विजेते लढवतात. वस्तादांना ते मान्य आहे. फक्त मातीतलं पोरगं महिनाभर आधी गादीवर गेलंच पाहिजे, यावर ते ठाम आहेत. गादीला नावं ठेवणारे बरेच भेटतात. वस्ताद त्यातले नाहीत.

अडचण इथून सुरू झाली. हाताचं काम करणारा माणूस ‘असं’ म्हणतो. मी धोबीपछाडबद्दल विचारलं तर ते म्हणाले, ‘हात असा घ्यायचा, असं फिरायचं, आन् असं.’ समोर पाहणाऱ्याला लख्ख कळतं. ऐकणाऱ्याला तीन वेळा ‘असं’ ऐकू येतं. अशा वेळी मुलाखतकारानं दिसतंय ते शब्दांत परत द्यायचं असतं: ‘म्हणजे समोरच्याचा हात दोन्ही हातांनी धरून, त्याच्याकडे पाठ करून, तो हात आपल्या खांद्यावरून पुढे ओढायचा?’ ते म्हणतात, ‘व्हय, आन् कंबर त्याच्या खाली घालायची.’ झालं, वाक्य पुरं झालं. हे मला जमतं आणि ते मी मनापासून करतो.

मातीच्या बाबतीत मात्र मी घाई केली. ताक किती, असं विचारलं. ‘माती मागंल तेवढं.’ पुन्हा विचारलं. ‘अंदाजानं ओ. लिटर कोण मोजतंय?’ तिसऱ्यांदा म्हणालो, ‘तरी साधारण? ऐकणाऱ्यांना कल्पना यावी म्हणून.’ मग चार सेकंद काही नाही, फक्त त्यांच्या तळहातात माती चोळली जात असल्याचा आवाज. आणि मग, ‘बरं, लिहा मग. साठ लिटर.’ पाहुणा अडून बसलाय, रिकाम्या हातानं कशाला पाठवायचा, असा तो स्वर आहे. हेडफोन लावून ऐकलं की अगदी स्पष्ट कळतं.

निघताना ताकाचे कॅन धूत बसलेल्या पोराला सहज विचारलं. तो म्हणाला, ‘ह्या खेपंला चाळीस-पंचेचाळीसच लागलं. माती आधीच भिजल्याली होती. उन्हाळ्यात लई लागतंय.’ म्हणजे वस्ताद खोटं बोलले नाहीत, पण साठ हे मापही नव्हे. कार्यक्रमाचं काम पाहणारे सहकारी म्हणतात, साठ ठेव, श्रोत्याला आकडा लागतो. मला हे पटत नाही. एखादी गावाकडची तालीम हा कार्यक्रम ऐकून भर पावसाळ्यात साठ लिटर ओतेल आणि हौद्याचा चिखल होईल. रेडिओवर सांगितलेलं लोक खरं धरतात.

काल रात्री मागचा भाग पुन्हा ऐकत होतो. एकोणचाळिसावं मिनिट. वस्ताद हौद्यात चालताहेत, पावलांचा दबका आवाज येतोय आणि ते म्हणताहेत, ‘टाच बुडाय पाहिजे, घोटा न्हाई. मूठ वळायची, अंगठ्यानं दाबायची. फुटली तर...’ आणि त्यावर माझा आवाज: ‘बरोबर, पण ताक किती लिटर?’

माप त्यांनी दिलं होतं. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, कुठल्याही मातीला लागू पडेल असं. ‘फुटली तर’ नंतरचे शब्द माझ्या आवाजाखाली गेलेत. दोघांची तोंडं एकाच माईकजवळ, त्यामुळे वेगळे काढता येत नाहीत. कोपऱ्यातल्या दुसऱ्या रेकॉर्डरवर तर ती फक्त गुणगुण आहे. उत्तर ऐकताना मान हलवायची, तोंडानं काही बोलायचं नाही, बोलणं संपल्यावर मनात पाच मोजायचे. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

सकाळी वस्तादांना फोन केला. म्हटलं, मुठीचं तेवढं पुन्हा सांगाल का? ते म्हणाले, ‘फुटली तर झाली माती. न्हाई फुटली तर अजून वाळू द्यायची, आन् मूठच वळली न्हाई तर ताक घालायचं.’ सांगितलं लगेच, पण फोनवरचा आवाज कार्यक्रमात चालण्यासारखा नाही. येऊ का म्हणून विचारलं. ‘या की. पण आता माती बसली, आता दावायला काय न्हाई. पुढच्या मातीला या.’

कार्यक्रम शुक्रवारी आहे. साठ लिटर काढून टाकलंय. टाच आणि घोटा त्यांच्या आवाजात ठेवलेत, मुठीचं मी माझ्या आवाजात सांगणार आहे.